४१७ नंबरचा कागद

१२ जून

ताई,

नमस्कार. वर 'तीर्थरूप' लिहायचं असतं असं माझी लेक, आमची गोगलगाय म्हणते. पण तू तीर्थरूप झालीस तर मीही म्हाताराच झालो की! म्हणून नुसतं ताई.

काम आहे म्हणून लिहितोय. माझी पंधरा वर्षांची लेक नववीत कमी मार्कांवर पास झाली. एकोणपन्नास टक्के. मुख्याध्यापक बाईंनी मला बोलावून सांगितलं, दहावीला हिला 'क' तुकडीत घालावं लागेल. 'क' तुकडीला गणित अर्धंच, विज्ञान नावापुरतं. तिथून पुढे विज्ञानाच्या कॉलेजात जाता येत नाही. आणि आमच्या गोगलगायीला व्हायचंय जनावरांची डॉक्टर! मला बसायला दिलेली खुर्ची डुगडुगत होती म्हणून मी ऐकता ऐकता तिचा स्क्रू आवळत होतो, तर बाई म्हणाल्या, "तुमचं लक्ष आहे का?"

मी म्हटलं, माझी सख्खी बहीण मुलांची बुद्धी मोजायच्या संस्थेत बावीस वर्षं आहे. तशा बाई जरा सावरून बसल्या. म्हणाल्या, तिथला अहवाल आणा. हुशारी दिसली तर 'अ' तुकडीत एक जागा रिकामी आहे, सहामाहीपर्यंत ठेवून बघू.

ताई, पोरगी मठ्ठ नाही गं. हळू आहे. एक धडा तीनदा वाचते. माझ्या दुकानात शिलाई मशीन उघडताना स्क्रू सांडले तर चौदाच्या चौदा शोधून आणते, मग भले जेवण गार होवो. आपल्या घराण्यात ढ असण्याचा मान माझा आहे, तो मी तिला देणार नाही. तेव्हा तुमचा तो पेपर लवकर पाठव. आणि तुझ्या गुडघ्याचं मला विचारायचं होतं की

(गिऱ्हाईक आलं म्हणून बाबा उठले आणि पत्र तेलाच्या बाटलीखाली ठेवलं. चार दिवस वाट बघून मीच पोस्टात टाकतेय. — गोगलगाय)


२० जून

धाकट्या,

आशीर्वाद. गुडघा दुखतो. तू तेच विचारणार होतास असं धरून उत्तर दिलं. तुझं एकही पत्र आजवर शेवटापर्यंत पोचलेलं नाही. माझ्या लग्नानंतर पाठवलेलं पत्र 'ताई, तुझा संसार' इथेच थांबलं होतं आणि सासूबाईंनी त्याचे नाना अर्थ काढले होते.

आता नीट वाच. शेवटपर्यंत.

पाकिटात एक प्रश्नपुस्तिका आहे आणि दोन उत्तरपत्रिका, ४१७ आणि ४१८. दुसरी जास्तीची, एकीवर डाग पडला तर. तुझं दुकान मला माहीत आहे. उत्तरपत्रिकेवर नाव लिहायचं नाही. दोन्ही क्रमांक मी इथल्या नोंदवहीत तिच्या नावावर घातले आहेत. पहिला भाग चाळीस मिनिटांचा: आकृत्या, आकड्यांच्या रांगा, शब्दांची कोडी. दुसऱ्या भागात साठ विधानं आहेत, 'हातात घेतलेलं काम माझ्याकडून पूर्ण होतं' अशा धर्तीची. त्यावर हो, नाही किंवा कधीकधी. तिच्यासमोर परक्या माणसाने बसावं. शेजारच्या औषधांच्या दुकानातल्या बाई चालतील. तू त्या खोलीतसुद्धा नको.

पहिल्या भागावरून डोकं किती पळतं ते कळतं. ते डोकं घेऊन माणूस रोज अभ्यासाला बसतो का, हे दुसऱ्यावरून. शाळेतले मार्क दोन्ही मिळून येतात, असं मी तरी बावीस वर्षं बघत आले आहे. खरं तर हे असं घरी पेपर पाठवणं आमच्या नियमात काठावरच बसतं. भाचीसाठी बसवलं.

आणि ते ढ-बिढ लिहिणं बंद कर. मला ते वाचवत नाही.

— ताई


१ जुलै

ताई,

पेपर पाठवलाय. औषधवाल्या बाई समोर बसल्या होत्या. मी खोलीत नव्हतो, फक्त खिडकीत होतो. तीसुद्धा बाहेरच्या बाजूने.

काळजी करू नकोस, पेपर आधी तपासून घेतला होता. दुरुस्त केलेलं मशीन गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी मी चिंधीवर एक शिवण मारून बघतो, तुला माहीतच आहे. तसाच हाही चालवून बघितला. छान पळतो. मजा आली. फक्त तेविसाव्या आकृतीत तुमच्या लोकांची चूक आहे, तिथे दोन उत्तरं बरोबर येतात. सांग त्यांना.

गोगलगायीने पेपर लिहायला पूर्ण चाळीस मिनिटं घेतली आणि बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, सात प्रश्न राहिले." मी म्हटलं, अगं सात म्हणजे काय, तुझ्या बापाचं अख्खं शिक्षण राहिलं! त्यावर तिची आई म्हणाली, पोरीला धीर देताय की घाबरवताय? आता तूच सांग, यात घाबरण्यासारखं

(गिऱ्हाईक. — गो.)


१४ जुलै

धाकट्या,

हे पत्र उभ्यानेच वाच, नाहीतर खुर्चीवरून पडशील.

४१७ चा निकाल मी दोनदा तपासला आणि तिसऱ्यांदा शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाकडून तपासून घेतला. शंभर मुलं रांगेत उभी केली तर पोरगी सत्त्याण्णव जणांच्या पुढे आहे! आकृत्यांत एकही चूक नाही. तेविसाव्या आकृतीत तर तिने दोन्ही उत्तरांवर खूण करून समासात छोटं प्रश्नचिन्ह काढलंय. ती चूक आमच्या मोठ्या साहेबांना गेल्या महिन्यात सापडली, तीही तिसऱ्या वाचनात.

दुसरा भाग मात्र तितकाच खाली आहे. उत्सुकता आभाळाला, व्यवस्थितपणा जमिनीखाली. चिकाटी शंभरात नऊ. कामं सुरू करते, सोडून देते, वस्तू जागेवर ठेवत नाही. एवढं डोकं असून एकोणपन्नास टक्के का, याचं उत्तर इथेच आहे.

मुख्याध्यापक बाईंना संस्थेचा अहवाल आजच पाठवला. पोरीचे लाड कमी कर आणि तिला वेळापत्रक करून दे.

मला रडू आलं रे. आपल्या घरात एवढं डोकं, आणि ते 'क' तुकडीत निघालं होतं.

— ताई


५ ऑगस्ट

ताई,

गोगलगाय 'अ' तुकडीत! अहवालाची नक्कल मी काचेत घालून दुकानात लावली आहे, मशीनचं हमीपत्र लावतात तशी. बॉबिन घ्यायला आलेल्या माणसालाही मी ती आधी वाचायला लावतो आणि मगच बॉबिन देतो.

एक मात्र खरं. तुमचा तो दुसरा भाग वाचेपर्यंत पोरीचे दुर्गुण मला कधी दिसलेच नव्हते. बापाचं आंधळं प्रेम, दुसरं काय! आता लक्ष ठेवून असतो आणि पुरावे सापडतायत. मंगळवारी तिने ग्लासात दोन बोटं दूध ठेवलं. कामं अर्धवट सोडण्याची ही सुरुवात नाही तर काय? गुरुवारी चप्पल दाराच्या डाव्या बाजूला काढली, रोज उजव्या बाजूला काढते. मी तिला चांगलं तासभर झापलं की माणसाने हातातलं काम कसं पूर्ण करावं. ती म्हणाली, "हो बाबा." मग माझ्यामागे उघडी पडलेली पाच मशीनं तिने झाकून ठेवली.

'अ' तुकडीचा अभ्यास तिला जड जातोय. शाळेतून येते ती थेट वही उघडून बसते आणि जेवायला हाका मारेपर्यंत उठत नाही. मी म्हटलं, एवढं डोकं असताना कशाला घासतेस? अहवालात स्पष्ट लिहिलंय की तुला चिकाटी नाही, मग उगाच का दाखवतेस? तर तिने माझ्याकडे असं बघितलं की

(गिऱ्हाईक नव्हतं. दूध उतू गेलं. — गो.)


१९ सप्टेंबर

प्रिय आत्या,

हे पत्र मी स्वतः लिहितेय आणि बाबांना सांगितलेलं नाही.

आज दुकान आवरताना तेलाच्या बाटलीखालचा कागद काढला. बाटली टेबलाला चिकटू नये म्हणून बाबा खाली काहीतरी घालतात. तो कागद म्हणजे माझी उत्तरपत्रिका आहे. क्रमांक ४१८. काचेतल्या अहवालावर मात्र ४१७ आहे. पहिल्या भागातल्या शेवटच्या सात जागा कोऱ्या आहेत, त्यावरून मी लगेच ओळखली. मग ४१७ कोणाची, याचं कितीही विचार केला तरी एकच उत्तर येतं. कुठलीही वस्तू दुसऱ्याच्या हातात देण्याआधी स्वतः चालवून बघणारा माणूस आमच्या घरात एकच आहे.

म्हणजे 'अ' तुकडीतली जागा माझी नाही. मला वाटलंच होतं. सगळे पहिल्यांदा ऐकून समजतात, मला तीनदा वाचावं लागतं. पहिल्या चाचणीत चाळीस जणांत माझा नंबर अडतिसावा आला, दुसरीत एकतिसावा. सहामाहीला साठ टक्क्यांच्या खाली आलेल्यांना 'क' मध्ये परत पाठवतात.

बाबांना सांगायला धीर होत नाही. रोज दुकान उघडलं की ते आधी त्या काचेवर फडकं मारतात. दुसरं कुठलंच काम ते रोज करत नाहीत.

सोबत ४१८ पाठवतेय. तेलाचे डाग मी खडूची पूड लावून शक्य तेवढे काढले आहेत. खरं काय ते मला सांग.

तुझी,
गोगलगाय


२७ सप्टेंबर

बाळा,

चूक माझी आहे. बाबाने 'पेपर चालवून बघितला' आणि तुझे सात प्रश्न राहिले असं मला सरळ लिहिलं होतं, आणि बावीस वर्षं कागद तपासणारी तुझी आत्या ते वाचून हसली आणि पुढे गेली.

तू खरं विचारलंस म्हणून खरं सांगते. ४१८ तपासली. शंभर मुलांच्या रांगेत तू एक्कावन्नावर आहेस, बरोबर मधोमध. आता दुसरा भाग. चिकाटी शंभरात शहाण्णव. व्यवस्थितपणाही जवळपास तेवढाच. हा आकडा मी फार थोड्या वेळा पाहिलाय. आणि तू जिला खडू लावलास ती उत्तरपत्रिका मी आधी साहेबांना दाखवली, म्हटलं ही मुलगी बघा, मग निकाल बघा.

नियमाने मी आजच शाळेला दुरुस्ती कळवायला हवी. पण सहामाहीच्या निकालाला महिनाच उरलाय. तेवढा मी थांबते. माझ्या नोकरीत मी पहिल्यांदाच काहीतरी उशिरा करतेय, तेव्हा तो महिना वाया घालवू नकोस. जशी आहेस तशीच पेपर लिही. तीनदा वाच. कोण हसलं तर चौथ्यांदा वाच.

— आत्या


३० ऑक्टोबर

प्रिय आत्या,

सहामाहीत बासष्ट टक्के मिळाले. नंबर चोविसावा. मी तीन वेळा बेरीज करून बघितली.

पण एक गोष्ट मी तुला न विचारता केली. निकालाच्या दिवशी मी मुख्याध्यापक बाईंकडे गेले आणि दोन्ही क्रमांकांचं सगळं सांगितलं. मला ते पोटात ठेवून झोप येत नव्हती. बाईंनी तुमचा अहवाल कपाटातून काढला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "सहामाहीचे पेपर कोणी लिहिले?" मी म्हटलं, मी. "बाबांनी आधी चालवून बघितले नाहीत ना?" मी म्हटलं, नाही. तर म्हणाल्या, "मग इथे काय करतेस? तास सुरू झालाय."

म्हणजे जागा राहिली! मी वर्गापर्यंत पळत गेले. मी पळाले हे बघून बाकावरची मैत्रीण घाबरली.

आता बाबांना सांगायचं काम तुझं. ते तुझं ऐकतात. म्हणजे ऐकत नाहीत, पण वाचतात.

तुझी,
गोगलगाय


८ नोव्हेंबर

धाकट्या,

दुकानाचं दार ओढून घे आणि मगच हे वाच.

गोगलगायीची जागा पक्की झाली आहे, ती तिने स्वतःच्या मार्कांवर मिळवली. ही गोष्ट आधी नीट समजून घे. आता दुसरी. काचेतला अहवाल तिचा नाही. तिची उत्तरपत्रिका अडीच महिने तुझ्या तेलाच्या बाटलीखाली होती. पाकिटात तू घातलीस ती तुझी स्वतःची, चिंधीवर मारलेली शिवण.

सत्त्याण्णव तू आहेस, धाकट्या. चिकाटीचे नऊही तूच. त्याबद्दल मला कोणी अहवाल द्यायची गरज नव्हती.

आता जे लिहितेय ते बावीस वर्षं कोणाला सांगितलेलं नाही. या नोकरीत लागले त्या आठवड्यात मी असाच एक पेपर स्वतः सोडवला होता, दार लावून. रांगेत चौपन्न. मी तो कागद ड्रॉवरच्या तळाशी घातला आणि वर फायली रचल्या. कारण आपल्या घरात हुशार मी होते ना! तू नववीत नापास झालास तेव्हा आप्पा म्हणाले, हा ढ आहे, याला कामाला लावा, शिकवायचं तर हिला शिकवू. मी तिथेच उभी होते. हातात वही होती. त्या वहीतली गणितं मी मोठ्याने वाचायचे, तू आईच्या मशीनखाली आडवा पडून पट्टा काढता काढता उत्तरं सांगायचास आणि मी उतरवून घ्यायचे. हे मी त्या दिवशी आप्पांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मला भीती वाटली की माझी शाळा बंद होईल.

तू तीस वर्षं स्वतःला ढ म्हणून हसतोस आणि मी प्रत्येक वेळी पत्र मिटून ठेवते. मला माफ कर.

— ताई


१७ नोव्हेंबर

ताई,

पत्र पोचलं. मी सकाळपासून एकही मशीन उघडलेलं नाही. अहवाल काचेतून काढला आणि परत वाचला, आता माझा म्हणून. सत्त्याण्णव म्हणजे

(गिऱ्हाईक आलं नव्हतं आणि दूधही उतू गेलं नव्हतं. बाबा नुसतेच बसून होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. — गो.)


२२ जून

ताई,

सात महिने पत्र नाही म्हणून तू रागावली असशील, पण मला वेळ नव्हता. मी दहावीला बसलो होतो.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात गोगलगायीने बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म आणला. मी म्हटलं, या वयात लोक हसतील. ती म्हणाली, "बाबा, ढ आहात म्हणून बसत नव्हता ना? आता ते कारण गेलं. दुसरं शोधा, तोवर इथे सही करा." मग भिंतीवर वेळापत्रक लागलं. रोज दुकान बंद केल्यावर एक तास, तिच्यासमोर. मी तिला आकृत्या आणि गणितं समजावून सांगायची आणि तिने मला खुर्चीवरून उठू द्यायचं नाही. तासाच्या मध्ये मी खिडकीची कडी दुरुस्त करायला उठलो तर पाच मिनिटं जास्तीची. पहिल्या महिन्यात मी दीड-दीड तास बसलो.

काल निकाल लागला. गोगलगायीला त्र्याहत्तर टक्के! विज्ञानाच्या कॉलेजात नाव लागेल. मुख्याध्यापक बाईंनी दुकानात येऊन पेढे नाही, सरळ स्वतःचं बंद पडलेलं मशीन दिलं, म्हणजे बघ किती विश्वास बसला असेल.

माझं ऐक. गणितात त्र्याण्णव. विज्ञानात सत्त्याऐंशी. भाषेत एकतीस, म्हणजे नापास. निबंध लिहायला घेतला, विषय होता 'माझा आवडता छंद'. दोन ओळी झाल्या आणि वर्गातला पंखा करकरायला लागला. त्याच्या आवाजावरून नक्की काय बिघडलंय ते मी ओळखत बसलो. बेअरिंग होतं. निबंध राहिला. गोगलगाय मला बोलली नाही, फक्त वेळापत्रकात भाषेचा तास दुप्पट केला. चार महिन्यांनी तेवढा पेपर पुन्हा आहे.

आता तुझ्या माफीचं. ताई, गणितं मी सांगायचो हे खरं, पण वही तू लिहायचीस. मी आडव्याचा उभा झालो नाही, तू रोज बसलीस. मार्क वहीला मिळतात आणि मिळायलाच हवेत, हे मी आता वही लिहून शिकलोय. आप्पांना तू सांगितलं नाहीस याचं मला तुझं पत्र वाचलं त्या दिवशी रात्रभर वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण भाषेच्या पेपरात पंखा करकरला तेव्हा कळलं की तू सांगितलं असतंस तरी मी शाळेच्या पंख्याकडेच बघत बसलो असतो. तिथे मला कोणी गोगलगाय लागली असती समोर बसायला. ती मला आता मिळाली. तेव्हा ड्रॉवरमधला तो चौपन्नचा कागद बाहेर काढ आणि काचेत घालून टेबलावर ठेव. काच हवी असेल तर माझ्याकडे एक रिकामी आहे. आमच्याकडचा अहवाल पोरीने काढायला लावला. म्हणते, निबंध पूर्ण झाला की परत लावू.

हे पत्र लिहिताना दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. दोघांनाही बाकावर बसवलं आणि सांगितलं, थांबा, माझं काम चाललंय. दुसरा अजून बसलाय. गोगलगाय समोर आहे, ती कंसात काही लिहिणार नाही म्हणते, लिहायला काही उरलंच नाही.

तुझ्या गुडघ्याचं मला विचारायचं होतं, की तो कसा आहे? कळव.

तुझा धाकटा भाऊ